आई, ॲनीच्या लग्नात चर्चमध्ये बिनधास्त जा

कोव्ह, आयर्लंड

प्रिय आई, बाबा, आजी आणि वैनी,

परवा फोनवर तू विचारलंस की ॲनीच्या लग्नाला चर्चमध्ये आत जाऊन बसायचं म्हणजे नक्की करायचं काय, आणि मी उत्तर द्यायच्या आत माझी ट्रेन आली आणि फोन ठेवावा लागला. नंतर वैनीचा मेसेज आला की आई टेन्शनमध्ये आहे, आजी तर म्हणतेय "मी मांडवातच बसतंय, आत येवचंय नाय". म्हणून म्हटलं आज सुट्टी आहे तर नीट बसून सगळं लिहूया. वैनी, तू हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव, आजीच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून.

पहिलं आणि मुख्य सांगते. पाहुण्याला तिथे काहीच करायचं नसतं. खरंच काहीच नाही. मंत्र म्हणायचा नाही, पूजा करायची नाही, कोणी परीक्षा घेत नाही की तुम्हाला हे येतं का ते येतं का. तुम्ही येऊन बसलात, ॲनीच्या घरच्या फिलूमावशीने मागे वळून बघितलं आणि तुम्ही दिसलात, झालं, तुमचं काम तेवढंच. बाकी मी जे खाली लिहिणारे ते फक्त तुम्हाला आत बसल्यावर गोंधळल्यासारखं होऊ नये म्हणून.

आता तुला वाटेल ही कुठून एवढी शहाणी झाली. आपल्या घरापासून चर्च चालत पाच मिनिटांवर, पण मी तिथे गेले ते फेस्ताच्या दुकानांना नाहीतर नाताळात गोठा बघायला. प्रार्थना चालू असताना आत बसले नव्हते कधी. ते इकडे येऊन झालं, आणि तेही लग्नाला नाही, मयताला.

माझ्याबरोबर वॉर्डात काम करणारी एक आयरिश मुलगी आहे, तिचे वडील गेले. इकडे पद्धत अशी की कोणाच्या घरी मयत झालं की ऑफिसातले, शेजारचे, दुकानदार, पोस्टमन सगळे चर्चमध्ये जातात, ओळख थोडी असली तरी जातात, आणि नाही गेलं तर ते लक्षात राहतं. मयत झाल्यापासून दोन-तीन दिवसांत उरकतात सगळं. तर आमच्या शिफ्टमधल्या जणी निघाल्या, मी म्हटलं मी कशी येऊ, मला तर काही माहीत नाही. तेव्हा माझ्याबरोबरची मल्याळी नर्स, ती पक्की कॅथलिक, ती म्हणाली की मागच्या बाकावर बस, समोरचे उठले की ऊठ, बसले की बस, बास. एवढ्या एका वाक्यावर मी अख्खा विधी काढला आणि तुम्हीपण काढाल.

इकडचं मोठं चर्च म्हणजे कॅथिड्रल, सेंट कोलमनचं, बंदराच्या अगदी वर टेकडीवर आहे. १८६८ ला बांधायला घेतलं आणि १९१९ ला पूर्ण झालं, म्हणजे पायाच्या वेळचे गवंडी संपले असतील आणि त्यांच्या नातवांनी कळस चढवला असेल. आत ४९ घंटा आहेत, लहानमोठ्या, आणि एक माणूस बसून त्यावर चक्क गाणी वाजवतो, रविवारी दुपारी खाली धक्क्यावर आईस्क्रीम खात बसलं की ऐकू येतं. बाबा, हेच ते बंदर जिथून टायटॅनिक शेवटचं निघालं, ११ एप्रिल १९१२ ला, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाऊन होतं. तुम्ही आलात की दाखवीन, बोटी बघायला तुम्हाला दिवस पुरणार नाही.

तर मयताचं सांगत होते. पेटी पुढे वेदीसमोर ठेवलेली, त्यावर पांढरं कापड. सुरुवातीला घरच्यांनी त्या माणसाच्या आवडीच्या वस्तू पुढे नेऊन ठेवल्या, टोपी, जुना रेडिओ, आणि ती यांच्या हर्लिंग खेळाची काठी. फादरनी त्यांच्याबद्दल दोन गमती सांगितल्या आणि लोक हसले, मला आधी धक्काच बसला की मयतात हसतायत, पण मग कळलं की चालतं इथे. शेवटी पेटीवर पाणी शिंपडलं, धूप दाखवला आणि मग पुरायला घेऊन गेले. आणि घरच्यांशी हात मिळवायला एवढी मोठी लाईन, प्रत्येकजण एकच वाक्य, "सॉरी फॉर युअर ट्रबल", पुढे सरका. तिकडून सगळे हॉटेलात सूप सँडविच खायला. आंघोळ वगैरे काही नाही. आजी, मी मात्र घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, ते माझ्या समाधानासाठी, त्यात त्यांचा अपमान काही नव्हता.

बरं आता तुमच्या लग्नावर येते.

कपडे. आई, तू ती मोरपंखी पैठणी नेस, विचारतेस काय त्यात. हळदीकुंकू, मंगळसूत्र, गजरा सगळं नेहमीसारखं. तू टिकली लावून गेलीस म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडणार नाही, फिलूमावशीच्या सगळ्या मैत्रिणी टिकलीवाल्याच आहेत. फक्त वैनी, तुझ्या त्या नव्या ब्लाऊजला पाठच नाहीये, त्यावर पदर घे निदान आत असेपर्यंत. खांदे-पाठ झाकलेली असावी एवढीच अपेक्षा असते. डोक्यावर पदर घेतला तर चांगलं दिसतं, जुन्या बायका घेतात, पण सक्ती नाही. बाबांनी टोपी असेल तर आत काढायची, पुरुष चर्चमध्ये टोपी घालत नाहीत.

चपलांचं दरवाजात बघून ठरवा. आपल्याकडे बहुतेक चर्चमध्ये चपला बूट घालूनच आत जातात, केरळात म्हणे बऱ्याच ठिकाणी बाहेर काढतात. बाहेर ढीग दिसला तर काढा, नाही दिसला तर घालूनच जा. आजीला हे पटणार नाही मला माहितीये. आजी, आरवलीच्या वेतोबाला आपण एवढ्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतो आणि स्वतः मात्र अनवाणी आत जातो, तेव्हा तुला वाटलं तर तू काढून पिशवीत ठेव, कोण काय म्हणणार नाही.

वेळेवर जा. हे खास बाबांसाठी. चारचं लग्न म्हणजे चारलाच सुरू होतं (नवरीने उशीर केला तर गोष्ट वेगळी), आपल्यासारखं अक्षतांपर्यंत पोचलो म्हणजे पोचलो असं नाही. मध्ये दार ढकलून आत गेलात की सगळे वळून बघतात. झालाच उशीर तर मागच्या दाराशी उभे राहा आणि कुठलंतरी गाणं सुरू झालं की गाण्यात आत शिरा. पुढच्या ओळी घरच्यांच्या, डावीकडे साधारण मुलीकडचे आणि उजवीकडे मुलाकडचे, पण कोणी काटेकोर बघत नाही. तुम्ही मधल्या ओळीत बसा. इकडे आयर्लंडमध्ये गंमत म्हणजे मागचे बाक आधी भरतात आणि पुढचे रिकामे, आणि काही पुरुषमंडळी तर आत येतच नाहीत, दाराशी उभं राहूनच सगळं ऐकतात. मला आधी वाटायचं सगळे आयरिश रोज चर्चमध्ये जात असतील, तर तसं काही नाही, २०२२ च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी आपला धर्म कॅथलिक लिहिलाय पण नेहमीच्या रविवारी बाकांवर दिसतात ते म्हातारे आणि आमचे भारतीय, फिलिपिनो नर्सेस.

दारातून आत गेलं की बाजूला एक दगडी भांडं असतं पाण्याचं. ते लोक त्यात बोट बुडवून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असं करतात. तुम्ही नाही केलं तरी चालतं. मग बाकाशी येऊन एक गुडघा टेकवतात आणि बसतात, तेही तुम्हाला करायचं नाही, हवं तर मान झुकवा, आपण कुठेही देवासमोर झुकवतोच. पुढे एक लाल दिवा सतत जळत असतो, तिथे त्यांची सर्वात पवित्र गोष्ट ठेवलेली असते म्हणून ते वाकतात.

बाकाखाली एक लांब फळी असते, ती गुडघे टेकायला. त्यावर पाय ठेवू नका, आणि ती आपटते फार, खाली करताना धाडकन आवाज होतो आणि सगळं चर्च बघतं, तर ती शेजारच्यांनाच खालीवर करू दे. पायावर पाय टाकून बसायचं नाही, आपल्याकडच्या जुन्या लोकांना ते खटकतं. मोबाईल सायलेंट. वैनी, फोटो काढायचे असतील तर बाकावर बसूनच, पुढे वेदीच्या पायऱ्यांवर चढायचं नाही, तिथे फोटोग्राफर असतोच.

आता विधी. लग्न मिसाबरोबर असतं, मिसा म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना, तेव्हा एक तास धरा, भाषण लांबलं तर सव्वा. भाषा कोकणी असेल, थोडी मराठी, थोडी इंग्लिश. पूर्वी जगभर सगळं लॅटिनमध्ये चालायचं, १९६२ ते १९६५ मध्ये रोमला त्यांची मोठी परिषद भरली तेव्हापासून आपापल्या भाषेत करायला मोकळीक मिळाली. पण क्रम मात्र सगळीकडे तोच, म्हणूनच मी इकडे इंग्लिशमध्ये शिकलेलं तुम्हाला तिकडे कोकणीत उपयोगी पडणार आहे. आधी गाणं आणि नवरी वडिलांबरोबर चालत येते, मग प्रार्थना, मग बायबलमधली वाचनं. पहिली वाचनं बसून ऐकायची. शेवटचं वाचन, येशूच्या गोष्टींचं, त्याला सगळे उभे राहतात आणि ते स्वतः फादर किंवा डीकन (फादरांच्या खालचे) वाचतात. मग फादरांचं प्रवचन, त्याला परत बसायचं. बाबा, झोपू नका, तुम्ही घोरता.

लग्नाचा खरा भाग प्रवचनानंतर. फादर दोघांना विचारतात की स्वखुशीने आलात का, जन्मभर एकमेकांना मान द्याल का, देवाने मुलं दिली तर स्वीकाराल का. मग दोघं एकमेकांना वचन देतात, सुखात दुःखात, आजारपणात, बऱ्या दिवसांत. आई, तू रडणार इथे, रुमाल ठेव. ॲनीला अंगाखांद्यावर खेळवलंयस तू. मग अंगठ्या. आपल्याकडे काही ठिकाणी मंगळसूत्रपण घालतात, क्रूस असलेलं. आणि शेवटी वहीवर सह्या, साक्षीदारांच्यापण. सप्तपदी नाही, होम नाही, त्यामुळे धूर नाही. अक्षता मात्र बरोबर नेऊ नकोस आत टाकायला. बाहेर पडताना काही लोक तांदूळ किंवा फुलं उधळतात, पण ते बघून करायचं.

आणि आता मला जे सगळ्यात आवडतं ते. अंगठ्यांनंतर एक भाग येतो त्यात एकजण पुढे येऊन एकेक मागणं मागतो, या जोडप्यासाठी, आजारी माणसांसाठी, जे गेले त्यांच्यासाठी, गावासाठी, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळं चर्च एका सुरात म्हणतं की देवा, आमचं ऐक. इकडे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला कारण मला डायरेक्ट आपला गावकार आठवला, देवळात गाऱ्हाणं घालताना, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका सुखात ठेव" आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा!". तस्संच. फक्त हे हळू आवाजात बोलतात आणि आपले लोक ओरडतात. त्या मयतात मी मागच्या बाकावर बसून तोंडातल्या तोंडात व्हय म्हाराजा म्हटलं आणि खरं सांगते, तिथून पुढे मला परकं वाटलंच नाही. तुम्हीपण म्हणा मनात. आजी तर मोठ्याने म्हणेल, वैनी तिला आवर.

यानंतर पैशांची पिशवी किंवा टोपली फिरते. टाकायचे तर टाका, दहा-वीस-पन्नास काहीही, नाही टाकले तरी पुढे सरकवा. पुढे बऱ्याच वेळ सगळे गुडघ्यावर असतात, घंटी वाजते, फादर दोन्ही हातांनी एक पांढरी चकती वर धरतात (तिचं पुढे सांगते). तेव्हा अगदी शांत बसा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी टेकवायचं नाहीच, आणि तुम्हाला कोणालाच टेकवायची गरज नाही, नुसतं बसून थोडं पुढे वाका म्हणजे मागचा माणूस गुडघ्यावर असेल त्याला तुमची पाठ लागणार नाही. मग शांती देण्याचा भाग येतो, इकडे शेजाऱ्याशी हात मिळवतात, आपल्याकडे हात जोडून नमस्कार करतात. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या चर्चना आपल्या पद्धती वापरायला परवानगी दिली ना, नमस्कार, समई, आरती, त्यातलंच हे. तेव्हा कोणी वळून नमस्कार केला तर तुम्हीही करा, एवढं एकच काम आहे पाहुण्याला.

आता नीट ऐका, हा एकच नियम खरा आहे. शांतीनंतर लोक रांग लावून पुढे जातात आणि फादर त्यांच्या हातात किंवा जिभेवर ती छोटी पातळ चकती देतात. आई, तुला वाटेल प्रसाद देतायत आणि प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून तू उठशील. उठू नकोस. गव्हाचं पीठ आणि पाणी एवढंच असतं त्यात दिसायला, पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती नुसती आठवण नाही, तो प्रत्यक्ष ख्रिस्त आहे, आणि ती घ्यायला बाप्तिस्मा लागतो, तयारी लागते. इकडची पोरं सात-आठ वर्षांची झाली की शाळेत वर्षभर शिकवून मग मे महिन्यात पहिल्यांदा घेतात, पांढरे झगे, बँडबाजा नाही एवढंच, बाकी मुंजीएवढा खर्च. दुसऱ्या पंथाच्या ख्रिश्चनांनापण कॅथलिक चर्चमध्ये सहसा देत नाहीत, आणि कॅथलिकांमधलेसुद्धा बरेचजण काही ना काही कारणाने बसून राहतात, त्यामुळे तुम्ही बसलेले वेगळे दिसणार नाही. अख्खी ओळ उठली की तुम्ही गुडघे बाजूला घ्या किंवा बाहेर उभं राहून त्यांना जाऊ द्या आणि परत बसा. चुकून रांगेत ढकलले गेलात तर फादरसमोर हात जोडा आणि मान हलवा, ते समजतात. आणि हातात आलीच तर खिशात, पर्समध्ये अजिबात टाकायची नाही, घरी आणायची नाही, तिथल्या तिथे फादरना परत द्यायची. बाबा, हे तुम्हाला सांगतेय, तुम्ही सगळं खिशात टाकता.

तिथून पुढे पाच-दहा मिनिटं, आशीर्वाद, गाणं आणि सुटलात.

आजी, आता तुझे प्रश्न. वैनीने मला सगळे लिहून पाठवलेत.

"थंय पाणी मारतत ता आंगार पडला तर काय?" काही होत नाही गो. लहानपणी तू ती विहिरीत पाव टाकल्याची गोष्ट सांगायचीस ना, एक घोट प्यायला आणि अख्खी वाडी बाटली म्हणून, त्या गोष्टीची भीती अजून तुझ्या पोटात आहे, आणि जुन्या काळात जे झालं ते झालं, पण आज असं कोणी शिंतोडा उडाला म्हणून ख्रिश्चन होत नाही. माझ्या हॉस्पिटलमध्ये एकजण स्वतःच्या मर्जीने होतोय, त्याला महिनोन्‌महिने क्लासला जावं लागतंय, मग ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, डोक्यावर तीनदा पाणी ओतून आणि नाव घेऊन. तुला कोण एवढ्या क्लासला बसवणार.

"माशे खावन गेला तर चलता?" चलता. त्या लोकांना स्वतःला ती चकती घ्यायच्या आधी एक तास पोट रिकामं ठेवायचं असतं, पाणी आणि औषध सोडून. आपल्याला तेही नाही. तू सुरमई खाऊन जा.

आणि वैनीने जे हळूच विचारलंय त्याचं उत्तर, पाळी आली असेल तरी चर्चमध्ये जायला काही अडचण नाही, तसं तिथे कोणी बघत नाही, विचारत नाही. आजीला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

आणि आजी, म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मरियम, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, हे मला तूच सांगितलंस ना? तिच्या फेस्ताला हिंदू लोक तेल घेऊन जातात हेपण तूच सांगायचीस. शिरगावच्या जत्रेला तू दरवर्षी जायचीस. मग बहिणीकडे जायला कशाला मांडवात बसतेस? आतमध्ये पंखा आहे, मांडवात उकडून मरशील मे महिन्यात.

सगळी चर्च सारखी नसतात हे मात्र मला इकडे येऊन कळलं. कॉर्कमध्ये शँडन म्हणून भाग आहे, तिथलं सेंट ॲनचं चर्च १७२२ चं, आणि बाबा, त्याच्या शेंड्यावर काय आहे माहितीये? मासा! सोनेरी सामन मासा, वारा दाखवणारा. कोकणातल्या माणसाला याहून काय पाहिजे. चार बाजूंना चार घड्याळं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून लोक त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात. तिकीट काढून वर गेलं की आपण स्वतः दोऱ्या ओढून घंटा वाजवू शकतो, नंबर लिहिलेले कागद देतात, कुठली दोरी कधी ते, मी वाजवलं एक गाणं, अख्ख्या कॉर्कने ऐकलं असेल आणि कान झाकले असतील. ते चर्च कॅथलिक नाही, चर्च ऑफ आयर्लंडचं, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांच्यात १९९० पासून बायकापण पाद्री होतात. कॅथलिकांत नाही होत. प्रोटेस्टंटांकडे मूर्ती कमी किंवा नाहीतच, गाणी जास्त. आणि मल्याळी लोकांचा स्वतःचा वेगळा मिसा असतो, माझी मैत्रीण घेऊन गेली होती, सगळं मल्याळममध्ये, लांबलचक, बायकांच्या डोक्यावर ओढण्या, एक अक्षर कळलं नाही पण नंतर जेवायला जे दिलं ना, केळीच्या पानाची तेवढी कमी होती. तुमच्याकडे कॅथलिक लग्न आहे त्यामुळे तुम्ही पहिल्यासारखंच धरा. वैनी म्हणाली फिलूमावशीचे भाऊ सावंतवाडीला फादर आहेत आणि बिशपपण येतील कदाचित. आले तर ओळखायला सोपं, उंच टोकदार टोपी आणि हातात काठी. २००५ साली सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हापासून त्यांचं मुख्य ठिकाण सावंतवाडीतच आहे. भेटले तर नुसता नमस्कार करा, पाया पडायला धावू नका, बाबा धावतात.

आहेर चर्चमध्ये द्यायचा नाही. पाकीट संध्याकाळी रिसेप्शनला, स्टेजवर. आदल्या दिवशी रोस असेल, नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला आई तू आणि वैनी नक्की जा, आपल्या हळदीइतकीच मजा असते आणि तिथे तर तुम्हाला कोणी शिकवायलाही नको, गाणी तुम्हाला त्यांच्याइतकीच पाठ आहेत.

जेवणाचं एक. बुफेला सोरपोटेल असेल, ते डुकराचं असतं, आणि रंगाने आपल्या मटणासारखं दिसतं. बाबा आणि आजीच्या ताटात घ्यायच्या आधी विचारा. फिलूमावशी तुमच्यासाठी वेगळं चिकन आणि मासे ठेवणारच, पण वाढणारी केटररची पोरं असतात, त्यांना काय माहीत. सान्नां, त्या इडलीसारख्या असतात, त्या मात्र पोटभर खा. केक कापल्यावर एकजण ग्लास उंचावून भाषण करतो आणि सगळे ग्लास उंचावतात, त्यात वाईनच पाहिजे असं नाही, कोकम सरबत घेऊन उंचावलं तरी भागतं.

पेटलेल्या मेणबत्त्यांच्या स्टँडकडे जायची इच्छा झाली तर विधी संपल्यावर जा, तिथे कोणीही मेणबत्ती लावू शकतं, बाजूला पैशांची पेटी असते. मी इकडे बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी लावली होती, ड्युटी संपल्यावर. सांगितलं नव्हतं तुम्हाला. भिंतीवर चौदा चित्रं दिसतील, ती येशूला क्रुसावर नेलं तेव्हाची वाट आहे, विधी सुरू व्हायच्या आधी वेळ असेल तर बघत बसा, आजीला गोष्ट सांग वैनी, तुला शाळेत सिस्टरांनी शिकवलंय.

बाकी इकडे ठीक. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भिजवत राहतो. नाचणीचं पीठ संपलं, कोणी येणार असेल तर पाठवा, आणि कोकमं, पण मागच्या वेळसारखी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, सगळी बॅग लाल झाली. बाबांनी गुडघ्याचे व्यायाम चालू ठेवलेत का ते वैनी तू खरं खरं कळव, त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. आणि ॲनीला माझ्याकडून तो निळ्या डबीतला सेट दे, पाकिटात नको टाकू, हातात दे. लग्नाचा व्हिडिओ लाईव्ह लावणार असशील तर आधी फादरना विचार आणि मला वेळ कळव, इकडे मे महिन्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तुमचे चार वाजले की माझे साडेअकरा, तेव्हा मी ब्रेक घेईन.

सर्वांना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुमची,
माई